साडेनऊ फेऱ्या

आमचं विमान विहिरीत पडलं, ही गोष्ट खरी आहे. ते पडलं तेव्हा तिथं विहीर नव्हती, हेही तितकंच खरं आहे. या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत जे घडलं त्याला सर्वस्वी मी जबाबदार आहे, असं आमच्या घरात एकमताने ठरलेलं आहे. (एकमतात माझंही मत धरलेलं आहे. टिपण मीच लिहून घेत होते.)

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि मी नव्या कचेरीत लिपिक होते. उस्मानाबादहून फायली ट्रकने यायच्या. त्या उतरवून घ्यायच्या आणि त्यांची यादी करायची, हे माझं काम. मला ते मनापासून आवडायचं. यादी केली की गोंधळ उरत नाही, असं माझं तेव्हा मत होतं. फायलींबरोबर छापील फॉर्मचे गठ्ठेही आले. त्यांच्यावर जुन्या जिल्ह्याचं नाव, म्हणून ते रद्दीत निघाले. मी साहेबांना विचारून दोन गठ्ठे घरी आणले. पाठकोरा कागद टाकून देणं माझ्या रक्तात नाही. किराण्याची यादी, पाण्याची यादी (त्या दुष्काळात नळ आठवड्यातून एकदा यायचा, त्यामुळे कोणत्या हंड्यातलं पाणी कशाला, याची यादी किराण्यापेक्षा मोठी होती!), पाहुण्यांची यादी, सगळं त्या फॉर्मच्या पाठीवर. पुढच्या बाजूला काय छापलंय, हे मी वाचलंसुद्धा नाही.

हा मुद्दा लक्षात ठेवा. मी ठेवला नव्हता.

आमचे हे, म्हणजे प्रभाकरराव, आयटीआयमध्ये फिटरचे वर्ग घ्यायचे आणि उरलेल्या वेळात विमानं बनवायचे. माणूस बसेल अशी नव्हे, मांजर बसेल एवढी. (एकदा बसलं होतं. शेपूट नवीन करावं लागलं. विमानाचं.) बांबूच्या कामट्या, खोक्याची पातळ फळी, पतंगाचा कागद, माझ्या स्वयंपाकघरातली खळ आणि हैदराबादहून आणलेलं सुपारीच्या डबीएवढं इंजिन. त्या इंजिनाचा आवाज पिठाच्या गिरणीसारखा. विमानाला दोन लांब बारीक तारा, तारांच्या टोकाला मूठ. माणूस मधे उभा राहून मूठ धरतो आणि विमान त्याच्याभोवती गरगर फिरतं. एक तार ओढली की वर, दुसरी ओढली की खाली. बघणाऱ्याला मजा, धरणाऱ्याला चक्कर.

अशी विमानं करणाऱ्या हौशी लोकांचं एक मंडळ होतं. कारभार सगळा नांदेडकरांकडे. मंडळाचे प्रमुख मुदखेडचे गाडेकर मास्तर. ते स्टेशनमास्तर होते, त्यामुळे विमान सोडतानाही शिट्टी फुंकून हिरवा झेंडा दाखवायचे. मंडळाचा नियम असा, की ज्या जिल्ह्याचं विमान मेळ्यात सगळ्यांसमोर न पडता दहा फेऱ्या मारील, त्या जिल्ह्याला स्वतःची शाखा. दहा फेऱ्या म्हणजे जेमतेम एक मिनिट! पण आदल्या वर्षी नांदेडला ह्यांचं विमान चौथ्या फेरीत एका म्हशीच्या शिंगांवर विसावलं होतं, आणि मास्तर गळ्यातल्या दस्तीने कपाळ पुसत म्हणाले होते, "सूर्यवंशी, जिल्हा कागदावर झाला तुमचा. हवेत अजून उस्मानाबादच हाय!"

हे बोलणं ह्यांना इतकं लागलं, की परतीच्या गाडीत त्यांनी भाकरीसुद्धा खाल्ली नाही. पुढचे आठ महिने घरात दुसरा विषय नव्हता. नव्या विमानाचं नाव ठेवलं 'लातूर'. शेवटी ह्यांनी मास्तरांना पत्र टाकलं, की यंदाचा मेळा आमच्याकडे करा. मास्तरांचं उत्तर आलं, "करू. जागा सपाट पाहिजे."

सपाट जागा दुष्काळाने आयतीच करून ठेवली होती. रेणापूरच्या अलीकडे एका गावचा तलाव पार आटला होता. तळ असा कडक आणि साफ, की ह्यांनी त्यावर हात फिरवला आणि म्हणाले, "मालती, वर्षभर पाऊस पडला नाही त्याचं आज सार्थक झालं!"

"हे वाक्य गावात बोलू नका," मी म्हणाले आणि यादी करायला बसले.

एकूण त्रेचाळीस बाबी निघाल्या. पिठलं-भाकरी, ठेचा, पिण्याचं पाणी दोन पिंप (नांदेडकरांना निरोप: अंघोळ घरून करून यावी), सतरंज्या, टेबल एक, खुर्च्या चार, नारळ एक. बाब सतरा: चुन्याच्या फक्कीने आखणी. मधे दहा हातांचा लहान गोल, त्यात विमान धरणारा उभा राहणार. त्या गोलाबाहेर पाय गेला की बाद. भोवती मोठा गोल, त्याच्या आत प्रेक्षकांनी यायचं नाही. मधोमध खुंटी, तिला लाल फडकं. आदल्या संध्याकाळी आम्ही दोघांनी तलावात जाऊन सगळं आखून ठेवलं. मी बाब सतरासमोर बरोबरची खूण केली आणि शांत झोपले.

आता दुष्काळी गावाच्या नजरेने बघा. कोरड्या तलावात एक कचेरीची बाई येते. फक्कीचा गोल मारते. गोल किती, तर बरोबर विहिरीएवढा. भोवती मोठा गोल, म्हणजे माती टाकायची हद्द. मधे खुंटी, खुंटीला लाल फडकं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तीच बाई टेबल टाकून, पुढ्यात कागद आणि हातात पेन घेऊन बसते!

विमानवाल्यांच्या नावनोंदणीपेक्षा प्रेक्षकांची रांग मोठी झाली तेव्हा मला आनंदच झाला. मी प्रेक्षकांसाठी वेगळा कागद केलाच होता: अनुक्रमांक, नाव, गाव. पहिल्या ओळीत नमुना म्हणून मी नेहमी स्वतःचं नाव लिहिते, म्हणजे रकाने चुकत नाहीत. एक: सौ. मालती प्रभाकर सूर्यवंशी, लातूर. दोन नंबरला एक सावळ्या, सडपातळ, साठीच्या बाई उभ्या होत्या. पदर खोचलेला, डोक्यावर चुंबळ.

"काय लिवायलाव बाई?"

"नावं लिहितेय. तुमचं नाव?"

"सोजरबाई. ल्या, आमच्या घरचे चौघं ल्या."

"चौघं? वा! सगळे येणार?"

"येणार न्हाई तर काय! पाच म्हैने वाट बघायलाव. किती दिस चालंल?"

"एकच दिवस."

सोजरबाईंनी मागे वळून रांगेकडे पाहिलं. "एका दिसात कसं हुईल वं माय? किती फूट जायचं?"

"तीस फूट," मी म्हणाले. (विमान तेवढंच वर जायचं.)

"तीस फुटावर लागंल?"

आमच्याकडे परीक्षेपासून कुस्तीपर्यंत 'लागतो' तो नंबर. त्यामुळे मी छाती पुढे काढून म्हणाले, "लागणार! पहिलाच लागणार! आमच्या ह्यांनी आठ महिने त्याच्यासाठी जिवाचं रान केलंय."

सोजरबाईंनी माझ्या चेहऱ्यावरून दोन्ही हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. नोकरीच्या इतक्या वर्षांत माझी अशी दृष्ट कुणी काढली नव्हती. मी भराभर लिहीत सुटले. माझं पेन एकदा उघडलं आणि समोर रांग असली, की मी विचार करत नाही, लिहिते. चौसष्ट नावं झाली. काही प्रेक्षकांच्या खांद्यावर कुदळी होत्या, काहींच्या डोक्यावर टोपली. मला वाटलं, शेताकडे जाता जाता आले असतील. (पाऊस नसताना शेतात कुदळ कशाला? हा प्रश्न मला आज पडतो.)

तेवढ्यात नांदेडची मंडळी जीपमधून उतरली. विमानं सतरंजीवर मांडली गेली, एकमेकांच्या शेपटांना नावं ठेवून झाली. गाडेकर मास्तरांनी टोपी नीट केली आणि उद्घाटनाचा नारळ हातात घेतला. ते लहान गोलापाशी गेले, तोच रांगेतून आवाज आला, "थांबा! फोडू नगा!"

पांढरं मुंडासं बांधलेले एक आजोबा पुढे आले. "नारळ हिकडं द्या आधी."

"हे कोण?" मास्तरांनी मला विचारलं.

"दगडूमामा," सोजरबाईच म्हणाल्या. "पंचक्रोशीत ह्येंच्यावाचून काम होत न्हाई."

मला वाटलं, गावचा मान असेल. मी यादीच्या समासात 'मान: दगडूमामा' असं लिहून घेतलं आणि मास्तरांना डोळ्यांनी खुणावलं. दगडूमामांनी नारळ तळहातावर आडवा ठेवला आणि डोळे मिटून चालू लागले. लहान गोलातून गेले. मोठा गोलही ओलांडला. चाळीसेक पावलं उगवतीकडे गेल्यावर तळहातावरचा नारळ हळूच उभा राहिला. गावाने श्वास रोखला. नांदेडच्या एका पाहुण्याने टाळी वाजवली. त्याला वाटलं, करमणुकीचा कार्यक्रम आहे.

"हितं हाय," दगडूमामा म्हणाले. "तुमचा गोल चुकलाय साहेब."

"माझा गोल चुकलाय?" हे उसळले. "फूटपट्टी लावून काढलाय! केंद्र अगदी बरोबर आहे!"

"केंद्र बराबर आसंल. खाली दगूड हाय."

"मला खालच्याशी काय करायचंय? मला वर जायचंय!"

दगडूमामांनी ह्यांच्याकडे फार मायेने पाहिलं. "समद्यालाच जायाचंय लेकरा," ते म्हणाले, "पर आधी पाणी तर लागू दे."

मास्तरांना काहीच कळलं नव्हतं, पण गाडी वेळेवर सोडायची सवय. त्यांनी नारळ घेतला आणि खुंटीपाशी फोडला. मग चौसष्टपैकी बारा जणांनी "हर हर महादेव!" करून लहान गोलात कुदळी घातल्या.

"अहो! अहो!" हे धावले. "माझ्या गोलात खड्डा! मालती! हे काय करायलेत?"

"प्रेक्षक आहेत," मी यादी बघून म्हणाले.

"प्रेक्षक खणतात का गं कधी?"

मी टेबलावरून उठून ओरडले, "थांबा! इथं खणायचं नाही! इथं विमान उडणार आहे!"

कुदळी थांबल्या. सोजरबाई माझ्याकडे बघत राहिल्या. "इमान? मग ईर?"

"कसली विहीर? आम्ही कुठं विहीर म्हणालो?"

"बाई, तुमी नावं घेतली," सोजरबाई म्हणाल्या. "हाजरी घेतली." त्यांनी टेबलावरचा माझा कागद उचलला आणि उलटा केला. त्यांना वाचता येत नव्हतं, पण तो छापील कागद त्यांनी आयुष्यात माझ्यापेक्षा जास्त वेळा पाहिला होता. मोठ्या ठळक अक्षरांत, जिल्हा उस्मानाबाद, रोजगार हमी योजना, हजेरीपट!

माझ्या सगळ्या याद्या, घरातल्या पाण्याच्या यादीसकट, दोन महिने मी हजेरीपटावर करत होते.

कुणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. कुणीच ओरडलं नाही. सोजरबाईंनी डोक्यावरची चुंबळ काढून हातात घेतली आणि एवढंच म्हणाल्या, "म्हंजे काम न्हाई. दोन कोस हंडा आणायचा त्यो हायेच." बाकीचे कुदळी खांद्यावर टाकू लागले. ह्यांनी खड्ड्याकडे पाहिलं, मग त्या लोकांकडे पाहिलं, आणि माझ्याकडे पाहायचं टाळलं.

गोंधळ माझा होता आणि माझ्यापाशी निस्तरायला साधन एकच, कागद. पण विचार केला तर तो कागद काय होता? चौसष्ट माणसांची नावं, गावासकट, अनुक्रमांकासकट, सुवाच्य अक्षरात. काम मागायला कचेरीत याहून वेगळं काय लागतं?

"सोजरबाई, ऐका," मी म्हणाले. "ही यादी मी उद्या स्वतः कचेरीत देते. काम मागणीचा अर्ज म्हणून. तलावात विहीर पाहिजे, असं लिहून. मंजूर करणं माझ्या हातात नाही, पण साहेबांच्या टेबलावर उद्या अकरा वाजता कागद पडेल, हे माझ्या हातात आहे."

"खरं?"

"मी यादीत घातलेलं करते."

"मग घाला."

मी त्यांच्यासमोर लिहिलं. बाब चव्वेचाळीस: विहीर. सोजरबाई वळल्या आणि गावाला म्हणाल्या, "चला रं, साहेबाचा खड्डा बुजवा! आन् बसा, इमान बघून जाऊ!"

खड्डा बुजवला, वरून पायांनी दाबला, मी नवी फक्की टाकली. बाब सतरासमोर दुसरी बरोबरची खूण.

नांदेडच्या विमानाने बारा फेऱ्या मारल्या. मास्तरांनी मिशीवरून हात फिरवला. मग 'लातूर'ची पाळी आली. हे लहान गोलात उभे राहिले, मूठ धरली. माझ्याकडे फेऱ्यांचा कागद. (खास तपासून कोरा घेतला होता. दोन्ही बाजूंनी.) शिट्टी झाली, झेंडा पडला, गिरणी सुरू झाली आणि 'लातूर' उठलं.

"येक!" गाव ओरडलं. "दोन!"

सोजरबाई माझ्या टेबलाशेजारी उभ्या राहून हाताची बोटं मिटत होत्या. चौथी फेरी, म्हशीची फेरी, पार पडली. सहा. सात. हे गरगर फिरत होते, शर्ट बाहेर आलेला, चेहऱ्यावर लग्नातसुद्धा न दिसलेला आनंद. आठ! गाव उभं राहिलं. नऊ! मास्तरांनी स्वतःच्या नकळत झेंडा वर केला.

आणि साडेनवव्या फेरीला बुजवलेल्या खड्ड्यात ह्यांचा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला!

हे पडले. मूठ सुटली. मोकळं झालेलं 'लातूर' तारा ओढत सरळ उगवतीकडे निघालं, मोठा गोल ओलांडला, एक गिरकी घेतली आणि दगडूमामांचा नारळ जिथं उभा राहिला होता, बरोबर तिथं नाकावर शिरलं. वर राहिलं ते फक्त शेपूट. मांजर बसल्यावर नवीन केलेलं... नव्हे, त्याच्यानंतरचं, त्याहून चांगलं.

"दहा झाल्या!" सोजरबाई गरजल्या.

"दहा! दहा!" चौसष्ट कंठ ओरडले. दगडूमामांनी तर अकरा सांगितल्या.

मास्तर विरघळले होते, मला दिसत होतं. ते टेबलापाशी आले. "ताई, माझी नजर विमानावर होती. तुमच्या कागदावर किती?"

गुडघ्यापर्यंत मातीत बसलेले हे माझ्याकडे बघत होते. ह्यांचे आठ महिने बघत होते. गाव बघत होतं. पेन माझ्या हातात होतं आणि दहावी रेघ मारायला अर्धा क्षणसुद्धा लागलं नसतं.

"नऊ," मी म्हणाले. "अर्धी धरत नाहीत."

मास्तरांनी हातातला झेंडा गुंडाळला.

ह्यांनी माझ्याशी अकरा दिवस अबोला धरला. (दिवस मी मोजले.) जेवायला वाढताना "अजून भाकरी?" विचारलं, की हे भिंतीला सांगायचे, "अर्धी. पण अर्धी धरत नाहीत म्हणे!"

कागद मात्र दुसऱ्या दिवशी अकराला साहेबांच्या टेबलावर पडला. त्या वर्षी कामं निघतच होती. महिन्याभरात विहीर मंजूर झाली. जागा अर्थातच जिथं शेपूट उभं होतं ती. इंजिन चार फुटांवर सापडलं, चांगल्या अवस्थेत. पाणी अठ्ठावीस फुटांवर लागलं. त्या विहिरीला गाव अजून 'इमानाची ईर' म्हणतं, आणि दगडूमामा शेवटपर्यंत सांगायचे, की सरकारने जागा दाखवायला हवाई जहाज पाठवलं होतं, तरी ते जहाज आधी चुकीच्याच जागी फिरत बसलं.

माझ्या याद्या अचूक असतात, हे कचेरीत आता सगळ्यांना पटलं, असं मला वाटलं. विहिरीचं काम सुरू झाल्याच्या दुसऱ्या आठवड्यात साहेबांनी मला बोलावलं.

"मालतीबाई, कामावरचा एक मजूर पहिल्या दिवसापासून गैरहजर आहे."

"नाव कमी करून टाकू साहेब. कोण आहे?"

त्यांनी हजेरीपट माझ्यापुढे सरकवला. अनुक्रमांक एक: सौ. मालती प्रभाकर सूर्यवंशी, लातूर.

नाव कमी करता आलं असतं. पण माझ्या नावापुढे सलग सात गैरहजेरीच्या खुणा होत्या. शाळेपासून माझ्या नावापुढे अशी खूण कधी पडली नव्हती! रविवारी मी मुकाट्याने तलावात गेले. हेही आले, मजा बघायला. काठावर सतरंजी टाकून बसले.

टोपल्या मोजायला सोजरबाई होत्या. "बाई, पदर खोचा. दहा टोपल्या टाका आन् जावा घरी."

पहिल्या तीन मी झपाट्याने टाकल्या. पाचवीला मान गेली. सातवीला मला माझं पूर्ण नाव आठवेना. नववीनंतर मी दहावी उचलली, काठाकडे निघाले आणि अर्ध्या वाटेवर पाय घसरला. मी खाली, टोपली वर, माती दोघींवर!

"झाल्या ना दहा?" मी बसल्या जागेवरून विचारलं.

सोजरबाईंनी बोटांकडे पाहिलं. मग काठावर पाहिलं. काठावर हे त्या मेळ्यानंतर पहिल्यांदाच पोट धरून हसत होते.

"नऊ, बाई," सोजरबाई म्हणाल्या. "अर्धी धरत न्हाईत."